बल्ब टिकत नाहीत, डावीकडे वळलं की हेडलाईट जातो : घाटातून रात्रीची ये-जा आहे, मदत हवी

घाटवाट

नमस्कार मंडळी. गाडी 100 सीसी, 2009 सालची, किकवाली. सेल्फ नाही. इंजिनाबद्दल काडीची तक्रार नाही. पण दोन महिन्यांत हेडलाईटचे तीन बल्ब उडाले. तिसरा बल्ब तर चार दिवसांत गेला.

दुसरा त्रास याहून मोठा. कुंभार्ली घाटात डावीकडचं वळण घेताना हँडल जरा जास्त वळलं की लाईट पूर्ण जातो. हँडल सरळ झालं की परत येतो. माझी खेर्डीत सेकंड शिफ्ट असते आणि घर घाटावर, हेळवाककडे. रात्री साडेअकराच्या पुढे पोफळी सोडून वर चढायला लागतो. पावसाळ्यात तिथलं धुकं कसं असतं ते इथल्या बऱ्याच जणांना माहीत आहे. गेल्या गुरुवारी एका वळणावर लाईट गेला, त्याच वेळी वरून ट्रक आला. कठड्याच्या दगडाला पाय टेकवून कसाबसा थांबलो. घरी अजून सांगितलेलं नाही.

गॅरेजवाल्याने आधी बॅटरी बदलली, मग म्हणाला आता पूर्ण वायरिंग किट बदलू. तो खर्च मला झेपणारा नाही, आणि दुखणं नेमकं कुठे आहे हे कळल्याशिवाय करावासाही वाटत नाही.

सह्यभटका

दादा, सगळ्यात आधी एक सांगतो. हे दुरुस्त होईपर्यंत रात्री घाट चढू नका. शिफ्टची बस असेल तर तिने जा, नाहीतर चारचाकीवाल्या सहकाऱ्याबरोबर. अगदीच इलाज नसेल तर बॅटरीवर चालणारी वेगळी टॉर्च हँडलला घट्ट बांधा. गाडीच्या करंटवर चालणारी नको.

बल्ब उडतायत म्हणजे आरआर युनिट (रेग्युलेटर-रेक्टिफायर, गाडीच्या व्होल्टेजला आवर घालणारा डबा) गेलंय असं मला वाटतं. माझ्या गाडीला तसंच झालं होतं, युनिट बदललं आणि विषय संपला.

रानवाट

एलईडी टाकून मोकळे व्हा. मी टाकलाय, दिवसासारखा उजेड पडतो.

टेस्टलॅम्प

थांबा. अजून एकही वस्तू विकत घेऊ नका. मी कोल्हापुरात 26 वर्षं गाड्यांची वायरिंग करतोय. त्या अनुभवातून सांगतो, दहातल्या सात गाड्यांना पार्ट गेलेला नसतो, जोड गेलेला असतो. पार्ट बदलताना कपलर (वायरी जोडणारा प्लास्टिकचा प्लग) काढून परत बसवला जातो, त्या हलण्याने काही दिवस चालतं, आणि श्रेय नव्या पार्टला मिळतं.

रानवाट, तुमचा एलईडी यांच्या गाडीवर टिकणार नाही, कारण सांगतो. 2009 च्या आसपासच्या बहुतेक 100 सीसी गाड्यांचा हेडलाईट बॅटरीवर चालतच नाही. मॅग्नेटमध्ये, म्हणजे इंजिनातल्या वीज बनवणाऱ्या भागात, दोन कॉइली असतात. पांढऱ्या वायरीची कॉइल बॅटरी चार्ज करते. पिवळ्या वायरीची कॉइल थेट हेडलाईट, टेललाईट आणि मीटरचा दिवा पेटवते, तेही एसी करंटवर (सतत दिशा बदलणारा, बॅटरीसारखा एका दिशेचा डीसी नव्हे). म्हणून स्लोला लाईट मिणमिणतो आणि रेस दिली की उजळतो. हा त्या गाडीचा स्वभाव आहे, त्याला बिघाड समजू नका. घाटवाटदादा, गॅरेजवाल्याने बॅटरी बदलली ती फुकट गेली. या गाडीत बॅटरी काढून घरी ठेवली तरी हेडलाईट पेटतो.

आता मला चार गोष्टी सांगा.

लाईट जातो तेव्हा मीटरचा दिवाही जातो का? त्याच वेळी हॉर्न आणि इंडिकेटर चालतात का? हेडलाईटचा बल्ब उडाल्यावर मागचा टेललाईटही उडतो का? आणि बल्ब किती वॉटचा टाकता?

घाटवाट

टेस्टलॅम्पदादा, आत्ताच खाली जाऊन बघून आलो. गाडी चालू ठेवून हँडल डावीकडे नेलं. हेडलाईट गेला, मीटरचा दिवाही गेला. हॉर्न वाजतो, इंडिकेटर व्यवस्थित. टेललाईट बघायला मुलाला मागे उभं केलं, तोही जातो म्हणाला. हे मला आजवर माहीतच नव्हतं. म्हणजे त्या क्षणी मी पुढून अंधारात आणि मागूनही अंधारात.

आणि हो, तिसऱ्या बल्बच्या वेळी टेललाईटचा बल्बही गेला होता. मला वाटलं योगायोग. बल्ब 35/35 वॉटचाच आहे, जुना दाखवून तसाच आणला होता.

टेस्टलॅम्प

मग तुमच्या गाडीत दोन वेगळे बिघाड आहेत. दोन्हींचा उपाय एकाच पार्टमध्ये शोधत राहिलात तर वर्ष जाईल.

पहिला, वळणाचा. हॉर्न आणि इंडिकेटर बॅटरीवर चालतात, होंडाच्या वायरींच्या रंगपद्धतीत त्यांचा करंट चावीतून काळ्या वायरीने येतो. ते चालू आहेत, म्हणजे काळी वायर शाबूत. हेडलाईट, मीटरचा दिवा आणि टेललाईट एकदम जातात, म्हणजे लाईटच्या बटणापुढची वायर नाही, बटणाच्या आधीची तुटलेली आहे. ती एकच, पिवळी. हँडल वळल्यावर ताण पडतो अशी जागाही एकच, टाकीच्या पुढे जिथे वायरिंग टी-स्टेमला (हँडल ज्यावर फिरतं तो दांडा) वळसा घालून हेडलाईटच्या डोममध्ये (बाहेरच्या भांड्यात) शिरतं. वरून प्लास्टिक अखंड दिसेल, आतली तांब्याची तार तुटलेली असेल. पंधरा वर्षं दिवसातून शेकडो वेळा वाकलेली तार आहे ती.

दुसरा, बल्ब उडण्याचा. पुढचा गेला की पाठोपाठ मागचा जातो, म्हणजे पिवळ्या वायरीत व्होल्टेज जास्त होतंय. पुढचा बल्ब उडाला की त्याचा भार नाहीसा होतो, मग सगळा मार मागच्या छोट्या बल्बवर. आरआर युनिट गेलं असेल किंवा युनिटपर्यंत पिवळी पोचतच नसेल. हे मल्टीमीटर लावल्याशिवाय सांगता येणार नाही.

मल्टीमीटर आहे का? पिवळ्या रबरी कव्हरमधला साधा असला तरी चालेल.

मांडवीकिनारा

मध्येच लिहितो, पणजीहून. आमच्याकडे समुद्राच्या खाऱ्या हवेने जोडांवर हिरवा गंज धरतो. बाहेरून कपलर नवा दिसतो, पिन ओढून काढली की हिरवी पूड. घाटवाट, तुम्ही चिपळूणच्या पावसात रोज भिजता, डोम उघडाल तेव्हा हिरव्या वायरींचा जोड नक्की बघा. होंडा पद्धतीत हिरवी म्हणजे अर्थची वायर, करंट परत जायची वाट.

घाटवाट

मीटर आहे, मेहुण्याचा. घरातले प्लग तपासायला आणलेला. गाडीवर कसा लावायचा ते माहीत नाही.

टेस्टलॅम्प

सावकाश सांगतो. हे सगळं उजेडी, मोकळ्या जागेत करा. बंद खोलीत इंजिन चालू ठेवू नका.

आधी बॅटरी बघू. चकती डीसी 20 वर. लाल काडी प्लसला, काळी मायनसला. इंजिन बंद असताना 12.4 च्या वर हवं, पूर्ण भरलेली असेल तर 12.6 च्या पुढे. मग इंजिन चालू करून मध्यम रेस द्या. आकडा 13.5 ते 14.5 मध्ये यायला हवा. 15 च्या वर गेला तर बॅटरी उकळेल. हललाच नाही तर चार्जिंग नाही.

मग हेडलाईट. चकती एसी 200 वर, ही अदलाबदल विसरू नका. डोम उघडा, होल्डर बल्बवरच राहू दे. काळी काडी इंजिनाच्या उघड्या धातूवर, रंगावर नाही. लाल काडी डिपरच्या पांढऱ्या वायरीच्या (ही चार्जिंगची पांढरी नव्हे) पिनेला मागून टोचा. लाईट डिपरवर ठेवून हळूहळू रेस वाढवा. 13-14 च्या आसपास आकडा थांबला पाहिजे. स्वस्त मीटर असला करंट थोडा कमी-जास्त दाखवतो, त्यामुळे 13 का 14 यात अडकू नका. थांबतो की चढत राहतो, एवढंच बघा. 16 च्या पुढे गेला की रेस लगेच सोडा, नाहीतर चौथा बल्ब जाईल.

तिसरं माप बहुतेक जण घेत नाहीत, आणि मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. काळी काडी इंजिनावरच राहू दे, लाल काडी होल्डरच्या हिरव्या वायरीला लावा. लाईट चालू. इथे जवळपास शून्य यायला हवं. एखादा व्होल्ट आला, तर तेवढा व्होल्ट तुमचा अर्थचा जोड खातोय.

एका व्होल्टाने काय होतं असं वाटेल. साध्या बल्बला व्होल्टेज 10 टक्के कमी मिळालं तर उजेड 10 टक्के कमी होत नाही, जवळजवळ 30 टक्के कमी होतो. लोक हजारो रुपयांचे फॉग लॅम्प लावतात आणि घाणेरडा जोड तसाच ठेवतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

तांबडीमाती

हा धागा मीच माझ्या गाडीच्या वेळी वाचला असता तर बरं झालं असतं. माझी 350 आहे. डोंगरात फिरायचं म्हणून 60/55 चा बल्ब काढून 100/90 चा टाकला. दोन आठवडे मजा आली, मग डोममधून जळका वास. उघडून बघितलं तर होल्डरचं प्लास्टिक मेणासारखं ओघळलेलं आणि मधली पिन काळी ठिक्कर. अप्परचं बटणही आत जळालं होतं. साताऱ्यापर्यंत पार्किंग लाईटवर आलो.

टेस्टलॅम्प

हिशेब सोपा आहे. 60 वॉटला साधारण पावणेपाच अँपिअर, 100 वॉटला पावणेआठ. बारीक वायर आणि बटण पहिल्या आकड्यासाठी केलेलं असतं. तुमच्या गाडीचा लाईट डीसीवर आहे, तर 60/55 च ठेवा आणि रिले (थोड्या करंटवर चालणारं, मोठा करंट सोडणारं बटण) घाला. रिलेच्या 30 नंबरला बॅटरीपासून फ्यूजमधून जाड वायर, 87 वरून बल्बला, 86 ला बटणाकडून येणारी जुनी वायर, 85 ला अर्थ. अप्परला एक आणि डिपरला एक. फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ ठेवता येईल तितका ठेवा, कारण फ्यूजच्या अलीकडची वायर घासून शॉर्ट झाली तर तिला वाचवणारं काही नसतं. बटणावरचा भार गेला की त्याच 60 वॉटमध्ये उजेड किती वाढतो ते तुम्हालाच दिसेल.

रानवाट

माझ्या एलईडीचं कारण अर्धंच सांगितलंत. माझी गाडी 2018 ची आहे, तीत तो चालतोय.

टेस्टलॅम्प

बरोबर, राहून गेलं. 1 एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकीचा हेडलाईट इंजिनाबरोबर आपोआप पेटलेला असावा लागतो, त्यामुळे तुमच्या गाडीला लाईट बंद करायचं बटण नाही. तुमचा हेडलाईट डीसीवर असेल तर एलईडी पेटणार. यांच्या एसीवर तो फडफडेल, आणि आत्ता जे जादा व्होल्टेज येतंय त्याने आधी त्याचंच सर्किट जाईल.

पण चालतोय आणि बरोबर पडतोय यात फरक आहे. डोमचा आरसा बल्बच्या तारेच्या जागेवरून आखलेला असतो. एलईडीचा ठिपका त्या जागेवर बसला नाही तर उजेड वर उधळतो. तुम्हाला समोरचं झाड लख्ख दिसतं, पण रस्त्यावर हवा तिथे उजेड कमी आणि समोरच्याच्या डोळ्यांत जास्त. एकदा रात्री गाडी भिंतीपासून पाच मीटरवर उभी करा, कुणाला तरी बसवा आणि डिपर लावा. उजेडाची वरची कड हेडलाईटच्या उंचीपेक्षा खाली असायला हवी.

रानवाट

आत्ताच केलं. कड अशी नाहीच, अख्खी भिंत पांढरी झाली. पहिल्या मजल्याच्या गॅलरीपर्यंत. समोरून येणारे लोक मला अप्पर का मारतात ते कळलं. जुना बल्ब ठेवलेला आहे, उद्या परत बसवतो.

लाल_स्कूटी

माझाही प्रश्न घेता का? स्कूटरला एलईडी इंडिकेटर लावल्यापासून ते दुप्पट वेगाने लुकलुकतात. आणि दोन दिवस गाडी उभी राहिली की सेल्फ उचलत नाही.

टेस्टलॅम्प

ताई, पहिल्याचं उत्तर सोपं. जुना फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा डबा) बल्बच्या भारावर चालतो, एलईडीचा भार नगण्य, त्यामुळे त्याला वाटतं एक बल्ब उडालाय. एलईडीसाठीचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बसवा.

सेल्फचं वेगळं आहे. चावी बंद असताना काहीतरी करंट पितंय. मोबाईलचा चार्जर किंवा जीपीएस थेट बॅटरीला जोडलाय का? बॅटरीची मायनस वायर काढा, मीटरची लाल काडी 10 अँपिअरच्या भोकात घाला, आणि वायर व बॅटरीच्या मध्ये मीटर लावा. चावी बंद. आकडा जवळपास शून्य हवा. असं लावलेलं असताना सेल्फ मारू नका, मीटर जळेल. आणि काम झाल्यावर काडी परत व्होल्टच्या भोकात घाला. ती तिथेच विसरून बॅटरीवर काडी टेकवली की ठिणगी उडते.

लाल_स्कूटी

चार्जर थेट बॅटरीलाच आहे! त्याचा निळा दिवा रात्रभर जळतो, मला तो सुंदर वाटायचा. चावीनंतरच्या वायरीवर घ्यायला सांगते. धन्यवाद.

घाटवाट

रविवार होता, सकाळपासून तेच केलं. आकडे देतो.

बॅटरी बंद असताना 12.6, रेस दिल्यावर 14.1.

हेडलाईट एसी : स्लोला 9 च्या आसपास. रेस वाढवली तसा 13, 15, 17 असा चढत गेला. 19 दिसलं आणि हात सोडला. बल्ब वाचला, पण त्या क्षणी तो निळसर पांढरा दिसत होता.

हिरव्या वायरीवर 1.6.

टेस्टलॅम्प

छान मोजलंत. आता बघा, बॅटरीला 14.1 वर आवर बसतोय, म्हणजे युनिटची चार्जिंगची बाजू ठणठणीत. फक्त पिवळीला आवर नाही. युनिट अर्धं मरू शकतं, पण त्याआधी युनिटचा चार पिनांचा कपलर काढून पिवळ्याची पिन बघा. या गाड्यांत मॅग्नेटकडून येणारी पिवळी फुटते, एक फाटा युनिटला आणि एक लाईटला. युनिटच्या फाट्याचा जोड सुटला तरी लाईट पेटत राहतो, पण जादा व्होल्टेज जमिनीत उतरवणारा कोणी उरत नाही.

काम सुरू करण्याआधी बॅटरीची मायनस काढा आणि सगळं झाल्यावर ती शेवटी लावा.

सह्यभटका

मी पहिल्याच दिवशी युनिट बदला म्हणालो होतो. आता माझ्याही गाडीला युनिटच गेलं होतं की पिन, अशी शंका येतेय. जुनं युनिट माळ्यावर आहे, काढून बघतो.

घाटवाट

सापडलं!!

डावं पॅनल काढलं, कपलर ओढला. पांढरी, लाल, हिरवी या पिना चमकदार. पिवळ्याच्या भोकाभोवती प्लास्टिक तपकिरी झालेलं आणि पिन मागे सरकलेली, म्हणजे कपलर लावताना ती समोरच्या पिनेला टेकतच नव्हती. नखाने ढकलली तर आत-बाहेर होत होती. मागच्या वर्षी वॉशिंगवाल्याने प्रेशरचं पाणी मारलं होतं, त्यानंतर पॅनल काढून काहीतरी केलं होतं, बहुधा तेव्हाच सरकली असेल. नवी पिन दाबून बसवली.

मग टाकी उचलली. टी-स्टेमजवळची काळी टेप उन्हाने चिकट झालेली, हाताला डांबर लागल्यासारखं. आतली पिवळी वायर दोन बोटांत धरून वाकवली. बाकीच्या वायरी कडक, ही एका जागी सुतळीसारखी मऊ. तिथे प्लास्टिक कापलं तर तारेचे दोनच केस जोडलेले होते.

आता ती कशी जोडू? डाग (सोल्डर) द्यायचा का?

टेस्टलॅम्प

डाग वाकणाऱ्या जागी देऊ नका. डाग दिलेला भाग कडक होतो आणि त्याच्या कडेला तार परत तुटते. वाकणारा सगळा तुकडा, वीतभर, काढून टाका. तेवढ्याच जाडीची नवी वायर घ्या, दोन्ही जोड वळणाच्या जागेपासून लांब घ्या, एक डोममध्ये आणि एक टाकीखाली. आकसणारी स्लीव्ह आधी वायरीत ओवून ठेवा, जोडल्यावर आठवून उपयोग नसतो. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून ढील पुरतेय ना ते बघा, मगच बांधा.

हिरव्याचा जोड बारीक पॉलिश पेपरने घासा आणि थोडी पेट्रोलियम जेली लावा. इंजिनाकडे अर्थ जिथे बोल्टला येतो तिथेही तेच.

मांडवीकिनारा

हिरवी पूड होती का?

घाटवाट

होती. डोममधल्या गोल पिनांच्या जोडात, चिमूटभर. घासल्यावर तांबं दिसलं.

रात्री परत मोजलं. हिरव्यावर 0.1. हेडलाईट रेसवर 13.4 ला येऊन थांबतो, कितीही पिळला तरी पुढे नाही. हँडल डावीकडे, उजवीकडे, वीस वेळा फिरवलं, लाईट हललाही नाही. एकूण खर्च पिना, दोन मीटर वायर, स्लीव्ह आणि नवा टेललाईटचा बल्ब, एवढाच. टेस्टलॅम्पदादा, तुमचे उपकार कसे फेडू.

टेस्टलॅम्प

आठवड्याने कपलरला हात लावून बघा. गाडी अर्धा तास चालवल्यावर पिवळ्याची बाजू चटका देत असेल तर ती पिन अजून सैल आहे, मग अख्खा कपलरच बदला. युनिट स्वतः गरम होणारच, ते त्याचं काम आहे. आणि एक जादा बल्ब कापसात गुंडाळून साईड बॉक्समध्ये ठेवा.

घाटवाट

आठ दिवस झाले, म्हणून लिहितो. कपलर कोमट आहे, चटका नाही. परवापासून परत गाडीने जायला लागलो. काल रात्री पावणेबाराला घाट चढलो, पाऊस होता, धुकं वरच्या टप्प्यात. त्या डावीकडच्या वळणावर वेग कमी केला आणि हँडल मुद्दाम जरा जास्त वळवलं. कठड्याचे पांढरे पट्टे शेवटपर्यंत दिसत राहिले. घरी आल्यावर बायकोला गुरुवारचं सगळं सांगितलं.